परतीची तारीख ३१-१२-९९

मंदाताई,

उद्या, शनिवारी, ग्रंथालयातलं तुमचं मशीन, तो जुना कॉम्प्युटर, बंद होणार. कायमचं. कामांची यादी समोर आहे, बहुतेक ओळींवर खुणा झाल्यात, आणि तरी मी चहा न घेता तीच पुन्हा वाचत बसले आहे. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, "यादीबाई, आधी चहा पी. रिकाम्या पोटी कसली कामं उपसतेस?"

तुम्ही गेल्याला अजून महिनाही झाला नाही. शोकसभा झाली. तुमचं शिक्षण, तुमची नोकरीची वर्षं, तुमचा सत्कार, सगळं बोलून झालं आणि चांगलंच बोलले सगळे. मी बोलले नाही. मला जे बोलायचं होतं ते सभेत सांगण्यासारखं नव्हतं. मला तुम्हाला काहीतरी विचारायचं होतं.

मशीन त्याच कोपऱ्यातल्या कपाटात आहे, तुमच्या जुन्या साडीच्या खोळीखाली. आतला बल्बही चालू आहे. खाडीवरची दमट हवा त्याला लागू नये म्हणून तुम्ही पावसाळाभर तिथे बल्ब जळता ठेवायचात. मी नवीन होते तेव्हा विजेची उधळपट्टी म्हणून कुरकुरले होते, तर तुम्ही म्हणालात, "अगो, त्याला सर्दी झाली तर वैद्य कुठून आणू?" आता नवी सिस्टिम आपल्या इमारतीत नाहीच. ती कुठेतरी लांब, दुसऱ्याच्या मोठ्या मशीनवर राहणार. तिला आपल्या हवेची सर्दी होणार नाही. बल्ब काढायला हरकत नाही असं मी स्वतःच यादीत लिहिलं आहे. तो अजून काढलेला नाही.

खाडीचे, खारजमिनींचे, मासळीचे, मातीचे अहवाल, नकाशे, पुस्तकं, हे सगळं तुम्ही एकटीने बसून त्या जुन्या प्रोग्रामात घातलंत. सिस्टिम बदलण्याचं काम पुण्याच्या जोगळेकरांकडे आहे. माझ्याच वयाचे आहेत, शांतपणे ऐकून घेतात, दिलेली वेळ पाळतात. तुम्हाला आवडले असते. पहिल्या चाचणीत मराठी अक्षरांच्या जागी नुसती चिन्हं उमटली. मी घाबरले, पण ते दोन दिवसांत दुरुस्त झालं. मग तुमच्या जागेच्या खुणा अडल्या. "खि" म्हणजे खिडकीकडचं कपाट आणि "पा" म्हणजे पावसात तिथून हलवायचं, हे मला ठाऊक होतं म्हणून निभावलं. तिसऱ्या चाचणीत पुस्तकांचा आकडा जुळला. मी ठळक खूण केली. तेवढ्यात जोगळेकर म्हणाले, "मॅडम, एक गंमत आहे."

नव्या सिस्टिमने आपण होऊन तगादे तयार केले होते. मुदत संपून गेलेल्या पुस्तकांसाठी ती सभासदाच्या फोनवर संदेश पाठवते. या पुस्तकांची मुदत होती ३१ डिसेंबर १९९९. प्रत्येकावर तेव्हापासूनचा दंड.

"एवढी वर्षं झोपला होतात का तुम्ही?" जोगळेकर हसत म्हणाले.

मला हसू आलं नाही. पाहिल्याबरोबर माझ्या लक्षात आलं होतं. जुन्या प्रोग्रामात वर्षाला दोनच आकडे, आणि परतीची तारीख घातल्याशिवाय पुस्तक बाहेर जात नसे. म्हणून जे पुस्तक परत मागायचंच नाही, त्याला तुम्ही ३१-१२-९९ घालायचात. म्हणजे २०९९, या शतकाच्या अखेरीस बघू. नव्या सिस्टिमला ते मागच्या शतकातलं वाटलं. तिची चूक नाही. तिला तुम्ही भेटला नव्हतात.

*

ही ९९ची पुस्तकं म्हणजे आपल्या दोघींचं जुनं भांडण.

चाळीसेक असतील. त्यातली बरीच अशी, की त्यांची दुसरी प्रत कुठेच नाही. वाशिष्ठी नदीच्या गाळाचा तो अहवाल मागायला एक विद्यार्थी तीनदा येऊन रिकाम्या हाताने गेला, तेव्हा मी तुमच्या टेबलापाशी येऊन उभी राहिले होते.

"ताई, निदान कारण तरी लिहा. एक रकाना वाढवू."

"आणि तो वाचणार कोण?"

"ज्याला गरज असेल तो."

"म्हणूनच नको. माणूस इथे खुर्चीत बसून मला सांगतो. मशीनला सांगायला आलेला नसतो."

"आणि त्या मुलाने काय करायचं?"

"त्याला मी पत्ता दिलाय. जाऊन तिथे बसून वाच म्हटलं. गेला नाही, त्याला मी काय करू?"

मला राग आला. मी म्हटलं, "आणि उद्या तुम्ही नसलात तर?"

"तर तू आहेस ना."

"मला कुठे कारणं माहीत आहेत?"

तुम्ही चष्मा पुसत म्हणालात, "तेच तर. माहीत नसताना सांभाळायचं. माहीत असल्यावर कोणीही सांभाळेल."

मी तणतणत माझ्या टेबलाकडे गेले, आणि ते तुम्हाला फार आवडलं. संध्याकाळपर्यंत गुणगुणत होतात. ताई, मला अजूनही वाटतं की तुमचं चुकत होतं. संस्थेचं पुस्तक एका घरात वर्षानुवर्षं राहावं आणि का ते संस्थेला माहीत नसावं, ही कुठली पद्धत? तुम्ही जिवंत असतात तर मी अजून भांडले असते. तुमच्या माघारी भांडताना माझीच बाजू मला तोकडी वाटते, कारण मधेच तोडून बोलणारं कोणी नाही.

दवाखान्यात मी प्रश्नांची यादी घेऊन आले होते, आठवतं? नाकाला नळी, आवाज बसलेला, आणि मी निर्लज्जासारखी कागद उघडून बसले. तुमचे यजमान म्हणाले, "आता तरी सोडा हो तिला." तुम्हीच हाताने खूण केलीत, विचार. मी नेहमीप्रमाणे सोप्यापासून सुरुवात केली. नकाशांचे जुने क्रमांक, बंद पडलेल्या मासिकांची नावं. तुम्ही मान हलवून, बोटाने गादीवर लिहून उत्तरं दिलीत. शेवटचा प्रश्न राहिला. ९९ची कारणं. तुम्ही माझ्या हातातून कागद घेतलात, तो प्रश्न वाचलात आणि हसलात. मग घडी करून कागद उशीखाली ठेवलात.

"उद्या?" मी विचारलं.

तुम्ही डोळे मिटलेत. होय म्हणालात की दमलात, ते मला कळलं नाही. दुसऱ्या दिवशी मी आले तेव्हा खाटेवरची चादर बदललेली होती.

*

तेव्हापासून जी भीती बसली ती सुटत नाही. माझ्यासारख्या बाईला हे लिहायला बरं वाटत नाही. घरी पाण्याची टाकी केव्हा धुतली तेसुद्धा मी कॅलेंडरवर लिहिते. कुठलीही गोष्ट मांडली की तिची भीती जाते, हा माझा आजवरचा अनुभव. ही गोष्ट मांडताच येत नाही. काय हरवणार आहे ते मला माहीत असतं तर मी त्याची नोंद केली असती. जे फक्त तुमच्या डोक्यात होतं, त्याची नोंद कशी करू? रोज एखादी अडचण येते आणि हात फोनकडे जातो. तुमचं नाव पहिल्या पाचांत येतं. मी नावावर बोट नेते आणि मागे घेते. यजमानांनी उचलला तर काय बोलू? आणि कोणीच उचलला नाही तर?

कार्यकारिणीची बैठक झाली. अध्यक्ष वाईट बोलले नाहीत. म्हणाले, "मंदाताईंचा कारभार घरच्यासारखा होता. पण आता नियम सगळ्यांना एकच हवा." नवा नियम असा, की पुस्तक जास्तीत जास्त वर्षभर बाहेर राहील. मुदत वाढवायची तर दरवर्षी कारण लिहून वाढवायची. तीन तगाद्यांनंतर पुस्तक हरवलं असं धरून यादीतून काढून टाकायचं आणि सभासदाकडून भरपाई घ्यायची. मी जोगळेकरांना विचारलं, एवढ्यांचेच तगादे थांबवता येतील का? म्हणाले, "नाही मॅडम. सगळ्यांचे चालू, नाहीतर सगळ्यांचे बंद."

म्हणजे नवी सिस्टिम चालू झाली की सोमवारी सकाळी ते संदेश निघणार, आणि मुदत वाढवता येणार ती त्यानंतरच. कोणाकोणाच्या हातात पडणार? मला माणसं माहीत नाहीत, त्यांचं काय चाललंय ते माहीत नाही. चाचणीच्या यादीत नावंही नव्हती, फक्त कार्डांचे क्रमांक. तुम्ही ज्यांना कधीच मागितलं नाहीत त्यांच्याकडे तुम्ही गेल्यावर महिन्याभरात संस्था दंडासकट मागणार. ते म्हणतील, बाई होती तोवर माणुसकी होती. आणि संदेशाखाली सही माझी.

मी ठरवलं, एकेकाला भेटायचं आणि कारण विचारून घ्यायचं. पहिलं कार्ड उघडलं, चिपळूणचं निघालं. सुर्वे म्हणून आहेत. दोर आणि जाळ्यांचं दुकान. त्यांच्याकडेच तो गाळाचा अहवाल. पाऊस ओसरला होता, सकाळची एसटी धरली. छत्री, कोऱ्या कागदांचं पॅड, कापडी पिशवी.

सुर्वे दुकानात दोर मोजत होते. मी संस्थेचं नाव सांगितलं. त्यांनी आधी माझ्या तोंडाकडे पाहिलं, मग पिशवीकडे. दोर हातातून सोडला आणि आत वळून म्हणाले, "अगं, आल्या त्या."

"कोण?"

"त्या गो. मी म्हटलं नव्हतं? मंदाताई गेल्या, आता कोणीतरी येणार."

त्यांची बायको हात पुसत बाहेर आली. "या, वर या. चहा तरी घेऊ दे त्यांना. मग न्या म्हणावं."

मी काही बोलायच्या आत जिन्याने वर गेलो. जिन्याच्या भिंतीवर छातीएवढ्या उंचीवर पुराच्या पाण्याची रेघ होती. ती रंगवून काढली होती तरी दिसत होती. सुर्व्यांनी माळ्यावरून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेलं पुडकं काढलं.

"बघा, कोरडं ठण आहे. पाणी आलं तेव्हा सगळ्यात आधी हे वर टाकलं."

"होय, आणि गॅसची टाकी गेली तरंगत," बायको म्हणाली. "तिला नाय विचारलं कोणी."

"टाकी दुसरी मिळते."

"मिळाली! चार महिन्यांनी. तोवर चूल फुंकली कोणी?"

सुर्व्यांना हसू आलं नाही. त्यांनी पुडकं सोडून अहवाल माझ्या हातात दिला, आणि तो आपोआप एका पानाशी उघडला. फोटो होता. गुडघाभर पाण्यात उभे काही जण, एकाच्या हातात मापाची काठी. पानाचा खालचा कोपरा बोटं लागून लागून मऊ झालेला. मी लगेच नजर काढून घेतली. आणखी क्षणभर पाहिलं असतं तर त्यातला कोण ते मला कळलं असतं.

"ताईंना मी सांगितलं होतं तेच तुम्हाला सांगतो," सुर्वे म्हणाले. "हा जो कडेला..."

"काका, थांबा. सांगू नका."

दोघंही माझ्याकडे बघत राहिली. मीही स्वतःकडे तशीच बघत असेन. त्यासाठी तर मी आले होते. पॅड मांडीवर होतं, पेन हातात होतं. पण त्यांनी सांगितलं असतं तर मला ते लिहावं लागलं असतं. मग ते बैठकीत वाचलं गेलं असतं, कोणीतरी म्हणालं असतं की हे कारण पुरेसं नाही. समोरच्या माणसाच्या तोंडावर जी भीती होती ती मी ओळखत होते. सकाळी केस विंचरताना इतके दिवस तीच बघत होते.

"मग आलात कशाला?" त्यांनी विचारलं.

तोंडाला आलं ते बोलले. "तुमचा फोन नंबर बरोबर आहे का, ते विचारायला."

"एवढ्यासाठी एसटीने?"

"एवढ्यासाठी."

"आणि ती पिशवी?"

"तिला काय झालं? बाजार करायचा होता."

"बाजार कशाला?" म्हणत बायकोने पिशवी माझ्या हातातून घेतली. आत जाऊन दोन पडवळं आणि एक चिबूड घालून परत आणली. पुडकं पुन्हा माळ्यावर गेलं. खाली उतरताना सुर्वे दोन पायऱ्या मागे थांबून म्हणाले, "ताई एकदा आल्या होत्या इथे. त्यांनी पण नीट बघितलं नाय." ते बघायला सांगत होते की आभार मानत होते, मला ठरवता आलं नाही.

परतीच्या एसटीत चिबुडाचा वास सुटला होता आणि मी फोन नंबराचाच विचार करत होते.

*

आज शुक्रवार. सकाळी मी जोगळेकरांना म्हटलं, "या कार्डांवरचे सगळे फोन नंबर बदलायचे आहेत."

"नवे मिळाले?"

"मिळाले. एकच आहे. माझा."

ते स्क्रीनकडे वळून म्हणाले, "मॅडम, एका नंबरावर एवढी कार्डं टाकली तर सिस्टिम तांबडी खूण दाखवेल."

"दाखवू दे."

"प्रत्येकाची मुदत दरवर्षी तुम्हालाच वाढवावी लागेल. एकही चुकलं तर ते पुस्तक हरवल्यात जाईल."

"माहीत आहे."

"आणि कारण? तो रकाना रिकामा ठेवता येत नाही."

मी सगळीकडे एकच लिहिलं. मंदाताईंना ठाऊक. अध्यक्षांना फोन करून जे केलं ते जसंच्या तसं सांगितलं. लपवाछपवी तुम्हालाही चालली नसती. ते म्हणाले, "हे काय कारण झालं?" मी म्हटलं, "माझ्यापाशी एवढंच आहे." मग म्हणाले, "या वर्षापुरतं ठीक. पुढच्या वर्षी बोलू." म्हणजे पुढच्या वर्षी पुन्हा ही भीती. आता ती ठरलेल्या महिन्यात येईल, एवढाच फरक.

मग मी एकेक कार्ड उघडायला घेतलं. नाव वाचायचं, जुना नंबर पुसायचा, माझा घालायचा. काही नावं ओळखीची निघाली. गुहागरच्या एक बाई, भाट्ये गावचे एक गृहस्थ, ज्यांना मी बाजारात भेटते आणि ज्यांनी कधी अवाक्षर काढलं नाही. तीनचार कार्डांवर तुमचाच नंबर होता. म्हणजे मला सुचलं ते तुम्ही आधीच करून बसला होतात. तिथे तुमचा नंबर पुसायला मला वेळ लागला.

शेवटाकडचं एक कार्ड उघडलं आणि नंबर बदलायची गरजच पडली नाही. तो आधीच माझा होता.

नाव माझं माहेरचं. मी इथे नोकरीला लागण्याआधीची, नुसती वाचायला यायची तेव्हाची सभासद. फोन मात्र आजचा, म्हणजे मधे कधीतरी तुम्ही तो बदलून ठेवला होतात. पुस्तक घरी आहे, शिवणाच्या मशीनच्या खणात. एका संध्याकाळी तुम्ही ते माझ्या हातात ठेवलंत आणि म्हणालात, "असू दे गो तुझ्यापाशी." तुम्ही ते मला दिलंत असंच मी इतकी वर्षं समजत होते. दिलं नव्हतंत. मागितलं नव्हतंत, एवढंच.

आणि मी तुमच्या टेबलापाशी उभी राहून रकाना मागत होते. कारणं लिहा म्हणत होते. तुम्ही चष्मा पुसत होतात. एका शब्दाने माझं तोंड बंद करता आलं असतं तुम्हाला.

ते पुस्तक माझ्याकडे का राहू दिलंत ते मला माहीत आहे. ते मी इथे लिहिणार नाही.

*

इथवर लिहून ठेवलं होतं. आज सोमवार.

शनिवारी मशीन बंद केलं. जोगळेकर म्हणाले, तुम्ही करा. मी खोळ घातली आणि बाजूला झाले, मग लक्षात आलं की बटण दाबलंच नाही. पुन्हा खोळ काढली. बल्ब राहू दिलाय. कोणी विचारलं तर कपाटातल्या फायली दमट होतात असं सांगणार आहे, आणि ते खोटं नाही.

आज सकाळी फोन मेजावर थरथरायला लागला. थांबेचना. आदरणीय सभासद, आपली मुदत संपली आहे. आदरणीय सभासद. सुर्वे. गुहागरच्या बाई. एकेक नाव मी मोठ्याने वाचलं, मुदत वाढवली, पुढचं घेतलं. वर्षभरापूर्वी ही नावं मी कपाळाला आठ्या घालून वाचली असती. मधेच माझं माहेरचं नाव आलं. पुस्तक त्वरित परत करावे, असं म्हणत होतं. नाही करणार, ताई.

सगळी झाल्यावर पुन्हा पहिल्यापासून तपासली. एकही सुटलं नाही. या वर्षी नाही. माझ्या निवृत्तीला फार वर्षं उरलेली नाहीत. मी आजारी पडले, फोन हरवला, नुसती विसरले, तरी पुरे. मग सुर्व्यांच्या दाराशी पिशवी घेऊन कोण जाईल आणि ते पान किती वेळ बघेल?

माझ्या यादीत आता एकच ओळ उरली आहे. माझ्यानंतर नंबर कोणाचा? असा माणूस शोधायचा आहे, ज्याला काही सांगायचं नाही आणि सगळं सोपवायचं आहे. अवघड प्रश्न मी नेहमी शेवटी ठेवते. दवाखान्यातही ठेवला होता.

हा मात्र नव्या यादीत सगळ्यात वर लिहिला आहे.